गंज: एका शब्दाची साठवण



स्मृतिव्याख्यानासाठी एखादा मोठा, भारदस्त विषय घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र दोन अक्षरांचा एक शब्द घेऊन उभा आहे. तो शब्द म्हणजे ‘गंज’. या सभागृहातल्या प्रत्येकाला तो माहीत आहे, पण प्रत्येकाच्या मनात या क्षणी उभं राहिलेलं चित्र वेगळं असेल. लातूरकरांना गंजगोलाईचा बाजार आठवला असेल. शेतकऱ्याला काढणी झालेल्या सोयाबीनची गंजी किंवा परसातली कडब्याची गंज दिसली असेल. विदर्भाला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यातल्या माउलींना चुलीवर ठेवलेलं खोल, उभट भांडं दिसलं असेल, कारण तिकडे भाताचं आधण ठेवतात ते गंजात. आणि उरलेल्यांना विळ्याच्या पात्यावर, पत्र्याच्या दारावर चढणारा तांबूस थर आठवला असेल. बाजार, ढीग, भांडं आणि लोखंडाचा रोग. चार वस्तू, चार जगं आणि उच्चार एकच. हा एकच शब्द आहे की एकसारखे दिसणारे चार शब्द आहेत? आणि तो आपल्याकडे आला कुठून?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मराठवाड्यात तयार असतं. गंज म्हणजे निजामाचा शब्द. लातूर आणि नांदेड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, कारभार उर्दूत चालत होता, त्या कारभारानं बाजाराला गंज म्हटलं आणि तो शब्द इथे राहून गेला, असं हे उत्तर. गोलाईची मुख्य इमारत १९१७ ची. तिचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी केला असं जिल्ह्याच्या माहितीत नोंदलेलं आहे. दुमजली गोल वास्तू, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चोहोबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. हे सगळं खरं आहे. पण ‘निजामाचा शब्द’ हे उत्तर निम्मंसुद्धा खरं नाही, असं माझं म्हणणं आहे. हा शब्द निजामांच्या आधी जवळजवळ सतराशे वर्षं या देशात नांदत होता. तो आला तेव्हा उर्दू नव्हती, आजची फारसी नव्हती, आणि आज आपण जिला मराठी म्हणतो तीही नव्हती. हे मी पुराव्यानं सांगणार आहे. त्या पुराव्यातून शब्दाच्या मालकीबद्दल जे निघतं, तेही सांगणार आहे.

सुरुवात इराणच्या पश्चिम भागात करू. हमदान नावाचं शहर आहे. जुन्या काळी ते मीड लोकांच्या राज्याची राजधानी होतं. भाषेचे अभ्यासक गंज या शब्दाचं सर्वांत जुनं रूप या मीड लोकांच्या बोलीतलं मानतात. ते रूप ‘गंज़’ असं, शेवटचा ‘ज़’ जिभेनं घासून काढलेला, आणि अर्थ कोषागार, राजाच्या संपत्तीची साठवणीची जागा. मीडांचं राज्य इराणच्या हखामनी सम्राटांनी घेतलं आणि राज्याबरोबर कारभाराचे शब्दही घेतले. विजेता जिंकलेल्याकडून तिजोरी घेतो, तेव्हा तिजोरीचं नावही घेतो. त्यांच्या पर्सेपोलिस या राजधानीच्या कोषागारात मातीच्या पाट्या सापडल्या. त्या एलामी भाषेत आहेत, त्यांत मजुरांना द्यायच्या वेतनाचे हिशेब आहेत आणि कोषाध्यक्षासाठी शब्द आहे ‘कंझबर’. पुढचा भाग ‘गंज’, मागचा भाग ‘बर’. बर म्हणजे वाहणारा, सांभाळणारा. आपल्या संस्कृतातल्या ‘भृ’ धातूचा हा सख्खा भाऊ. भार, भरण, भर्ता हे त्याचे आपल्याकडचे नातलग. गंजबर म्हणजे कोष सांभाळणारा.

हा ‘गंजबर’ नीट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. हखामनी राजा सायरस यानं बॅबिलोन जिंकलं आणि तिथे नेऊन ठेवलेली यरुशलेमच्या मंदिरातली सोन्याचांदीची भांडी ज्यू लोकांना परत दिली. ही हकिगत ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या एज्राच्या पुस्तकात आहे. ती भांडी एकेक मोजून कोणी दिली? मिथ्रदात नावाच्या अधिकाऱ्यानं. नाव इराणी, आणि त्याचा हुद्दा त्या ग्रंथात दिलाय ‘गिझबार’. हाच आपला गंजबर, हिब्रू तोंडात बदललेला. आणि आज इस्रायलमध्ये एखाद्या संस्थेच्या खजिनदाराला काय म्हणतात? गिझबार. अडीच हजार वर्षं हा हुद्दा नोकरीवर आहे.

आता पूर्वेला या. मथुरेत एक शिलालेख सापडला आहे. महाक्षत्रप शोडास याच्या काळातला, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यात शैग्रव गोत्राच्या एका ब्राह्मणानं केलेल्या दानाची नोंद आहे आणि त्या ब्राह्मणाचा हुद्दा लिहिला आहे ‘गंजवर’. पर्सेपोलिसला कंझबर, यरुशलेमला गिझबार, मथुरेला गंजवर. तीन लिप्या, तीन भाषा आणि एकच खुर्ची. खुर्चीवर बसलेला माणूस इराणी नाही, ब्राह्मण आहे. त्याला ही पदवी परकी वाटली असती तर त्यानं ती दगडावर कोरून घेतली असती का? शोडासाची स्वतःची ‘क्षत्रप’ ही पदवीही इराणी कारभारातलीच. याच पदवीचे राजे पुढे आपल्या नाशिक-जुन्नरपर्यंत आले. नहपान क्षत्रप आणि पैठणचे सातवाहन यांचा झगडा गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात झाला. तीच गोदावरी पुढे नांदेडला येते. कारभाराची भाषा नदीसारखीच असते. ती गावागावांतून जाताना कोणाची परवानगी घेत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. हा शब्द मुळात संस्कृतच असेल आणि तोच इकडून इराणात गेला असेल, असं का नाही म्हणायचं? संस्कृत कोशांत गंज आहेच. गंज म्हणजे कोषागार, खाण, गोठा, धान्य साठवून विकण्याची जागा. गंजा म्हणजे मद्याचं दुकान आणि मद्याचं पात्र. अमरकोशात गंजा हा शब्द मद्यगृहाच्या अर्थानं आहे. बाराव्या शतकात काश्मीरच्या कल्हणानं राजतरंगिणी लिहिली, तिच्यात गंज कोषागाराच्या अर्थानं येतो. मग शंका बरोबर नाही का? याचं उत्तर ‘गंजवर’मधल्या शेवटच्या दोन अक्षरांत आहे. संस्कृतात ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, किंवा नवरा मुलगा. कोष सांभाळणाऱ्याला संस्कृत माणूस कोषाध्यक्ष म्हणेल, भांडागारिक म्हणेल, गंजपाल म्हणेल. ‘गंजवर’ म्हणणार नाही, कारण त्याच्या व्याकरणात त्याला काही अर्थच नाही. ते ‘वर’ फक्त इराणी ‘बर’मधूनच उलगडतं. म्हणजे हा शब्द इकडे घडला नाही, घडलेला आला. मिठाच्या पोत्यावर ज्या बंदराचा शिक्का असतो, त्यावरून मीठ कुठून आलं ते कळतं. इथे ‘वर’ हा शिक्का आहे.

आणि हे ‘वर’ मराठीला काही अनोळखी नाही बरं का. आपल्या गोठ्यात ते रोज रवंथ करतं. जान म्हणजे जीव, आणि जीव वाहणारा तो ‘जानवर’. मराठीनं त्याचं जनावर केलं. मथुरेच्या कोषाध्यक्षाच्या पदवीतला ‘वर’ आणि आपल्या जनावरातला ‘वर’ एकाच घरचे. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला प्रत्यय आज बैलबाजारात ऐकू येतो. शब्दाच्या वयाचा याहून जिवंत पुरावा कुठे मिळणार?

पश्चिमेकडचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण शेवटी मला तिथे परत यायचं आहे. ग्रीकांनी हा शब्द घेतला आणि ‘गाझा’ केला, लॅटिननं तो ग्रीकांकडून घेतला, अर्थ राजाचा खजिना. आर्मेनियन आणि जॉर्जियन भाषांत तो अजून खजिन्याच्या अर्थानं आहे. इराकातल्या मंदाई पंथाच्या लोकांचा पवित्र ग्रंथ ‘गिंज़ा’ म्हणवतो, म्हणजे खजिना. अरबीतला ‘कन्ज़’ याच कुळातला मानला जातो. आणि हिब्रूनं या शब्दापासून एक नवीनच जागा निर्माण केली. ‘गनीज़ा’ म्हणजे प्रार्थनाघरातली ती खोली, जिथे फाटलेल्या, जुन्या झालेल्या धर्मग्रंथांची पानं जपून ठेवतात. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, म्हणून तो साठवायचा. खजिन्याचा शब्द फाटक्या कागदांपर्यंत आला. हे अर्थाचं उतरणं आहे की चढणं, हे तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, अशा रीतीनं कोणताही शब्द कोणत्याही शब्दाला जोडता येतो. दोन शब्द कानाला सारखे लागले की झाले नातेवाईक! हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही, कारण मराठीत शब्दांच्या उगमाच्या नावाखाली असा पुष्कळ गोंधळ घातला गेला आहे. माझी कसोटी तिहेरी आहे. ध्वनी जुळला पाहिजे, अर्थ जुळला पाहिजे आणि एका भाषेतून दुसरीत जायची वाट दाखवता आली पाहिजे. ध्वनी आणि अर्थ जुळूनही वाट सापडत नसेल तर थांबायचं. बायबलच्या नव्या करारात एक प्रसंग आहे. इथिओपियाच्या कांदके राणीचा कोषाधिकारी रथातून गाझा शहराच्या रस्त्यानं चालला आहे, आणि त्याच्या ताब्यात राणीचा ‘गाझा’, म्हणजे खजिना, आहे. एकाच गोष्टीत दोन गाझा. पण शहराचं नाव सेमिटिक भाषांतलं आहे, त्याचा पहिला ध्वनीच वेगळा आहे, त्याचं कुळ वेगळं आहे. खजिन्याशी त्याचा काही संबंध नाही. इतके शेजारी उभे असूनही ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

ही कसोटी आपल्या घरातल्या शब्दांना लावू. अंगात घालायची ‘गंजी’, म्हणजे बनियन. आपल्या कडब्याच्या गंजीशी तिचा उच्चार तंतोतंत जुळतो. पण ती आली इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी नावाच्या बेटावरून. तिथले कोळी घालत असलेल्या विणीच्या सदऱ्याला त्या बेटाचं नाव पडलं आणि साहेबाबरोबर ते इकडे आलं. म्हणजे ती बाद. ‘गांजणे’ हे क्रियापद, ज्यावरून आपण रंजल्यागांजल्यांचा कळवळा असं म्हणतो, ते तिरस्कार, अवहेलना या अर्थाच्या संस्कृत धातूतून आलं. तेही बाद. ‘गांजा’ ही वनस्पती. तो शब्दही संस्कृत गंजा हाच आहे. १८४५ पासून भारतीय मजूर करारावर जमैकात गेले, त्यांच्याबरोबर तो गेला आणि तिथे आजही याच नावानं ओळखला जातो. पण कोषागाराच्या गंजाशी त्याला जोडणारी वाट दिसत नाही. म्हणून मी तो जोडत नाही.

आणि लोखंडावरचा गंज? तो मोह पाडणारा आहे. पात्यावर थर साठतो, म्हणून गंज, असं सहज म्हणता येईल. पण मला ते पटत नाही. फारसीत या तांबेऱ्याला ‘ज़ंग’ म्हणतात, हिंदी-उर्दूत ‘जंग लगना’ म्हणतात. ज, अनुस्वार, ग. आता त्यातली दोन व्यंजनं जागा बदलू द्या. ग, अनुस्वार, ज. झाला गंज. अशी अदलाबदल आपल्या तोंडात नेहमी होते. नुकसानचं नुसकान होतं, मतलबचं मतबल होतं, लखनौचं नखलौ होतं. ज़ंगाचा गंज झाला तो याच वाटेनं, असं माझं मत आहे. मराठीत बोलीतली चूक म्हणून हसण्यावारी नेलेली ही अदलाबदल इथे प्रमाण मराठीत जाऊन बसली आणि आज कोणाला ती चूक वाटत नाही. म्हणजे चारांपैकी एक गंज वेगळ्या घरचा निघाला. उरले तीन: बाजार, ढीग आणि भांडं.

हे तीन मात्र एकाच घरचे आहेत असं मी मानतो. मूळ अर्थ साठवण. राजाची साठवण म्हणजे कोषागार. धान्याची साठवण म्हणजे कोठार. जिथे धान्य साठवतात तिथेच ते विकलं जातं, म्हणून घाऊक बाजार. जे साठवलं ते रचून ठेवलं की ढीग. आणि ज्यात साठवलं ते भांडं. हा अर्थविस्तार माझ्या कल्पनेतला नाही. संस्कृत कोशांतच तो जवळजवळ पूर्ण दिसतो. कोषागार, धान्यबाजार, पात्र, तिन्ही तिथे आहेत. मराठीनं आपली भर घातली ती लिंगभेदाची. बाजार तो गंज, भांडं तो गंज, पण कडब्याची ती गंज, सोयाबीनची ती गंजी. वस्तू वेगळ्या झाल्यावर भाषेनं त्यांना वेगवेगळं लिंग देऊन त्यांची ओळख पक्की केली. विशेष म्हणजे मूळ कोषागाराचा अर्थ मराठीत गंजाकडे राहिलाच नाही. ती जागा ‘खजिना’ या अरबी धातूच्या शब्दानं घेतली. त्याच धातूतून निघालेला ‘मख़ज़न’ युरोपात जाऊन ‘मॅगझिन’ झाला. हे आपलं व्याख्यान ज्या प्रकारच्या अंकांत छापून येतं, तो अंकही एका अर्थी कोठारच आहे. पण राजाची तिजोरी गंजाकडून गेली तरी शेतकऱ्याची साठवण त्याच्याकडे राहिली. दुष्काळाच्या सालात, जेव्हा २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं या लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्याच्या परसात कडब्याची गंज होती त्याची जनावरं दावणीला राहिली. त्या घरी राजाच्या खजिन्यापेक्षा या गंजेची किंमत जास्त होती.

बाजाराच्या अर्थाकडे थोडं बारकाईनं पाहिलं पाहिजे. आपल्याकडे खरेदी-विक्रीच्या जागेला किती शब्द आहेत? हाट हा संस्कृत ‘हट्ट’मधून आलेला. बाजार फारसी. पेठ दक्षिणेची, तमिळमध्ये पेट्टै, कन्नडात पेटे, तेलुगूत पेट. नांदेड जिल्ह्यातल्या पेठवडजसारख्या गावांच्या नावात ती बसलेली आहे. शिवाय मोंढा, जो मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात आहे आणि सिकंदराबादलाही मोंडा मार्केट म्हणून आहे. मग गंज वेगळा कशानं? हाट आणि आठवडी बाजार भरतात आणि उठतात. गंज उठत नाही. तिथे माल मुक्कामाला असतो. उत्तर हिंदुस्थानात अठराव्या शतकात सरदार-जमीनदारांनी धान्याचे घाऊक बाजार वसवले. त्यांना गंज म्हटलं आणि पुढे वसवणाऱ्याचं किंवा दुसरं एखादं नाव लावलं. दिल्लीचं दर्यागंज, लखनौचं हजरतगंज, बंगालातलं नारायणगंज, सिराजगंज ही नावं या कुळातली. हैदराबाद संस्थानानं हीच रीत पुढे नेली. हैदराबादचं उस्मानगंज, बीदरचं गांधी गंज, गुलबर्ग्याचं नेहरू गंज, रायचूरचं राजेंद्र गंज आणि लातूरची गंजगोलाई. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या झाल्या, भाषेच्या तत्त्वावर झाल्या. तेलुगू तिकडे, कन्नड तिकडे, मराठी इकडे. पण गंज तिन्ही वाटण्यांत गेला. बीदरच्या कन्नड आडत्याला, हैदराबादच्या तेलुगू व्यापाऱ्याला आणि लातूरच्या मराठी हमालाला तो आपापल्या भाषेतला शब्द वाटतो. तिघांचंही म्हणणं बरोबर आहे.

निजामाशी ज्यांचा संबंध नाही अशा मराठी मुलखातही हा शब्द आहे. पुण्यात गंज पेठ आहे. नाव पाहा: पुढचा शब्द इराणी, मागचा द्राविडी, आणि दोघांचा अर्थ जवळपास एकच. त्याच पेठेत महात्मा जोतीराव फुले यांचा वाडा आहे, आणि १८६८ मध्ये आपल्या घराचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. आज ती पेठ त्यांच्याच नावानं ओळखली जाते. कोठाराचं नाव असलेल्या पेठेतला एक साठा त्या वर्षी खऱ्या अर्थानं सगळ्यांचा झाला.

आणि नांदेड? नांदेडचा गंजाशी संबंध बाजारापेक्षा खोल आहे. १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात बाबा फरीद यांची वाणी आहे, ज्यांना लोक ‘शकरगंज’ म्हणतात, साखरेचं कोठार. त्याच ग्रंथात हिंगोली जिल्ह्यातलं नरसी ज्यांचं जन्मगाव मानलं जातं त्या संत नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. गुरू गोविंदसिंगांच्या दरबारातले कवी भाई नंदलाल यांनी गुरूंच्या स्तुतीवर फारसीत जो ग्रंथ लिहिला त्याचं नाव ‘गंजनामा’. आणि हमदानजवळ, जिथून आपण निघालो तिथे, डोंगरात कोरलेले दरायस आणि झेर्क्सिस या सम्राटांचे लेख आहेत. ते वाचता न येणाऱ्या लोकांनी त्यांत खजिन्याचा पत्ता असावा असं मानलं आणि त्या जागेला नाव दिलं ‘गंजनामा’. तिथे खजिना नव्हता. भाई नंदलालांच्या गंजनाम्यात मात्र आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. परके शब्द का ठेवायचे? छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सावरकरांनी भाषाशुद्धी सांगितली. मग बाजार समितीला चांगला मराठी शब्द असताना गंजाचा एवढा उमाळा कशाला? या प्रश्नामागच्या भावनेचा मला आदर आहे. महाराजांच्या काळात राजदरबारात प्रजेला न कळणारी भाषा चालत होती, आणि प्रजेला कळेल असा कारभार करायचा हा त्या कोशामागचा हेतू मला थोर वाटतो. पण त्याच हेतूनं मोजलं तर गंज हा काढायचा शब्द नाही, ठेवायचा शब्द आहे. तो कोणाला कळत नाही? गोलाईवरच्या हमालाला कळतो, गंजी लावणाऱ्या शेतमजूर बाईला कळतो. आणि ज्याला परका म्हणून काढायचं, तो मथुरेच्या ब्राह्मणाच्या हुद्द्यात, अमरकोशात आणि राजतरंगिणीत आधीच बसलेला आहे. मग शुद्धी करताना त्याच्या जागी संस्कृत शब्द आणायचा म्हणजे संस्कृतातून कोणता गंज काढायचा? शिवाय लातूर या नावाचं काय करायचं? राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूर नगराचे स्वामी म्हणवत. त्या नावातला ‘ऊर’ म्हणजे कन्नडात गाव. त्याच गोलाईत हमाल अरबी, दलाल अरबी, बारदाना फारसी, तूर आणि गूळ आपले. यातला कोणता काढला की बाजार चालू राहील? एकही नाही. बाजार ज्या भाषेत चालतो ती भाषा लोकांनी तोलून घेतलेली असते.

शब्दाची मालकी उगमावर ठरत नाही, वापरावर ठरते. मीडांचं राज्य गेलं, हखामनी गेले, क्षत्रप गेले, निजामी गेली. शब्द राहिला, कारण साठवणारा माणूस राहिला. मराठवाड्याकडे पाहताना आपण फार वेळा इतिहासाचा मार खाल्लेला, मागे राहिलेला प्रदेश अशा नजरेनं पाहतो. भाषेच्या दृष्टीनं मी उलट पाहतो. कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी यांच्या सीमा जिथे एकमेकींत मिसळतात, त्या उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात शब्दांचे थर जसे टिकले आहेत तसे फार थोड्या ठिकाणी टिकले असतील. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला, दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. ती कामं मोठीच. पण मोंढ्यात, आडतीत, तोलाईच्या काट्यावर रोज बोलल्या जाणाऱ्या भाषेचा वेगळा कोश व्हायला हवा, तो अजून आपल्या हातात नाही. लिलाव संगणकावर होऊ लागले आहेत, काटे विजेवर चालतात. हातानं सौदा करणारी पिढी बाजूला होते आहे.

म्हणून शेवटी त्या गनीज़ाकडे येतो. कैरोजवळ फुस्तातला बेन एज़्रा हे ज्यूंचं जुनं प्रार्थनाघर आहे. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या विद्वानानं तिथल्या गनीज़ातून लाखो तुकडे बाहेर काढले. त्यांत धर्मग्रंथ होतेच. पण देवाचं नाव वर लिहिलेलं असतं म्हणून लोकांनी व्यापारी पत्रं, हिशेब, मालाच्या याद्याही तिथेच टाकल्या होत्या. बाराव्या शतकात मंगळुरात राहून व्यापार करणारा अब्राहम बेन यिजू आज आपल्याला माहीत आहे तो त्या पत्रांमुळे. आपल्या किनाऱ्याचा मध्ययुगीन व्यापार परदेशातल्या एका अंधाऱ्या खोलीनं जपला. लातूरच्या गोलाईत, नांदेडच्या मोंढ्यात, उदगीरच्या पेढ्यांत जुन्या कीर्दी आहेत, खतावण्या आहेत, मोडीतल्या, उर्दूतल्या, मारवाडी वळणाच्या. त्यांच्याही पहिल्या पानावर देवाचं नाव असतं. दिवाळीला नवी वही आली की जुनी माळ्यावर जाते आणि माळा भरला की रद्दीत. माझी या सभागृहातल्या व्यापारी मंडळींना, त्यांच्या मुलांना, मुनीम म्हणून आयुष्य घालवलेल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. त्या वह्या रद्दीत देऊ नका. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, तिथे आणून द्या. आणि ज्यांच्याकडे वह्या नाहीत पण बाजाराचे शब्द तोंडात आहेत, त्या हमाल-तोलारांकडे एखाद्या विद्यार्थ्याला कोरी वही देऊन पाठवा. पहिल्या पानावर कोणता शब्द लिहायचा, ते त्यांनाच विचारू द्या.